आवाज आपला, जागा कोणाची?



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस पाचारण केले तेव्हा आम्ही कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांसमोर उभे राहून बोलत आलो आहोत, आणि पुढेही बोलूच. परंतु वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या मनाने येथे जमलेल्या मंडळींपुढे तेच दळण दळण्यापेक्षा, ज्या एका उद्योगाने गेली सहा वर्षे आमच्या रविवारांचा ताबा घेतला आहे, त्याविषयी बोलावे असे आम्हांस वाटले. हा उद्योग म्हणजे हौशी लोकांनी चालवलेला यंत्रतंत्राविषयीचा ध्वनिकार्यक्रम, ज्याला सारे जग पॉडकास्ट म्हणते, आणि तो ठेवण्यासाठी चार जणांनी मिळून सांभाळलेली इंटरनेटवरची सामायिक जागा.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे लेथवर, संघटनेच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. संगणक आम्ही शिकलो तो एका कंपनीने मोडीत काढलेल्या यंत्रावर, पंचेचाळिशी ओलांडल्यावर. तेव्हा ह्या विषयातले आम्ही पंडित नव्हेत. परंतु माणसे एकत्र कशी येतात, वर्गणी कशी जमते, आणि चांगली चाललेली गोष्ट कोणत्या कारणाने बंद पडते, हे पाहण्यात आमचा जन्म गेला आहे. त्याच नजरेने आम्ही ह्या विषयाकडे पाहतो.

आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीत पाचसहा जण एका मायक्रोफोनभोवती बसतात. एक वायरमन, एक यंत्रमागावरचा फिटर, दोघे संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत नोकरी करणारे, आणि आम्ही. जुन्या संगणकावर लिनक्स कसे बसवावे, इन्व्हर्टरची बॅटरी लवकर का मरते, फोन दुरुस्तीला टाकण्यापूर्वी त्यातले काय काढून घ्यावे, अशा विषयांवर अर्धा तास बोलणे होते. ऐकणारे तीनशे-साडेतीनशे. ह्या आकड्याला पुष्कळजण हसतात. आम्ही हसत नाही, कारण साडेतीनशे माणसे ज्या द्वारसभेला थांबली, ती सभा आम्ही कधी फसली म्हणून मोजलेली नाही.

पॉडकास्ट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. ध्वनिमुद्रणाची फाइल एका सर्व्हरवर, म्हणजे रात्रंदिवस चालू असणाऱ्या आणि मागेल त्याला फाइल देणाऱ्या संगणकावर, ठेवायची. तिचा पत्ता फीड नावाच्या एका लहानशा यादीत लिहायचा. ऐकणाऱ्याच्या फोनमधले साधन ती यादी अधूनमधून वाचते आणि नवीन काही आलेले असले तर आपण होऊन उतरवून घेते. दूधवाल्याचा रतीब असतो ना, तसा हा आवाजाचा रतीब आहे. ह्यात मधला दलाल नाही, परवाना नाही, रेडिओकेंद्र नाही. यादी लिहिण्याची ही रीत आरएसएस ह्या नावाने ओळखली जाते. तीत ध्वनीची फाइल जोडण्याची सोय अमेरिकेतील डेव्ह वायनर ह्यांनी २०००-०१ च्या सुमारास केली. त्यामागे ॲडम करी ह्या निवेदकाचा आग्रह होता. पुढे २००३ साली ह्या रीतीचे नियम हार्वर्ड विद्यापीठातील एका केंद्राकडे सोपवून ते सर्वांना मोकळे करण्यात आले. 'पॉडकास्ट' हा शब्द बेन हॅमर्स्ली ह्या इंग्रज पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन' पत्रात प्रथम छापला. ज्या आयपॉडवरून तो घेतला, त्या यंत्राचे उत्पादन २०२२ साली बंद पडले. यंत्र गेले आणि नाव राहिले. कोणाचीही मालकी नसलेली रीत तर अजून जशीच्या तशी चालू आहे.

अशा हौशी कार्यक्रमांचा मेरुमणी म्हणून आम्ही 'हॅकर पब्लिक रेडिओ' ह्याचे नाव घेऊ. हॅकर ह्या शब्दाने दचकू नये. त्याचा मूळ अर्थ चोर असा नव्हे. यंत्र उघडून त्याच्या पोटात काय आहे ते पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो हॅकर. आमच्या कारखान्यात असे पुष्कळ होते, आणि व्यवस्थापन त्यांना उपद्व्यापी म्हणत असे. २००५ साली सुरू झालेल्या एका लहान कार्यक्रमाच्या पोटी ३१ डिसेंबर २००७ रोजी हा रेडिओ जन्मला. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, असा त्याचा शिरस्ता. २०२३ साल संपण्यापूर्वी त्याने चार हजार भागांचा टप्पा गाठला. हे सारे भाग श्रोत्यांनीच पाठवलेले! तेथे वक्त्यांचा वर्ग निराळा आणि श्रोत्यांचा निराळा, असा भेद नाही. भाग चांगला की वाईट हे ठरवून परत पाठवणारा संपादक नाही. पंचांगासारखे एक वेळापत्रक असते. त्यातले दिवस रिकामे दिसू लागले की चालक श्रोत्यांना हाक घालतात: मंडळी, रांग संपत आली, कोणीतरी बोला. आणि कोणीतरी बोलते.

सगळे भाग सारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. कोणी मोटार चालवता चालवताच बोलतो, त्यामुळे अर्धे भाषण इंजिनाचे असते. कोणाच्या मागे पंखा घरघरतो. काही भाग आम्ही मध्येच बंद केले आहेत. परंतु ह्याच रेडिओवर ऑक नावाची संगणकाची एक जुनी आज्ञाभाषा, जी १९७७ साली बेल प्रयोगशाळेत तयार झाली, ती शिकवणारी एक मालिका झाली. भागामागून भाग, शांतपणे. आता आपणच सांगा, ऑकच्या पाठांमध्ये कोणता साबणवाला आपली जाहिरात घालील? ज्याला गिऱ्हाईक नाही पण गरज आहे, असे ज्ञान पुष्कळ असते. आणि ते हौसेच्याच आश्रयाला राहते. ह्या रेडिओचे भाग एका मोकळ्या परवान्याखाली असतात. ज्याला पाहिजे त्याने घ्यावे, वाटावे, त्यात फेरफारही करावे. मात्र कर्त्याचे नाव द्यावे आणि आपण जी मोकळीक घेतली ती पुढच्यालाही द्यावी. ह्या भागांच्या प्रती 'इंटरनेट अर्काइव्ह' ह्या अमेरिकेतल्या ना-नफा ग्रंथालयात जमा होतात, हीही दूरदृष्टीच.

आता पैशाकडे वळू, कारण आमच्याकडे खजिनदारी आहे. अर्ध्या तासाचे साधे बोलणे बेताच्या प्रतीने मुद्रित केले, तर त्याची फाइल साडेचौदा मेगाबाइटच्या आसपास होते. साडेतीनशे लोकांनी ती उतरवली म्हणजे पाच गिगाबाइट. महिन्याला दोन भाग, तेव्हा दहा गिगाबाइट. एवढे काम महिना चार-पाचशे रुपये भाड्याचा लहानसा सर्व्हर झोपेतही करील. पत्त्याच्या नावाचे भाडे वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर. श्रोता आणि सर्व्हर ह्यांच्यामधली वाहतूक कुलूपबंद राहावी म्हणून जे प्रमाणपत्र लागते, ते पूर्वी विकत घ्यावे लागे. २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था ते फुकट देते. म्हणजे एका सभासदाच्या महिन्याच्या चहा-विडीच्या खर्चात हे सारे बसते. मग लोक म्हणतात, तेवढे तरी कशाला? मोठ्या कंपन्या फुकट जागा देतात, तेथे ठेवा की!

येथेच आमचे आणि ह्या लोकांचे पटत नाही. १९९४ साली अमेरिकेत 'जिओसिटीज' नावाची वसाहत निघाली. कोणीही यावे, फुकट जागा घ्यावी आणि आपले पान मांडावे. मोहल्ले पाडलेले होते, घरांना क्रमांक होते. लाखो लोकांनी आपले छंद, कुटुंबांच्या हकीकती, पाळीव मांजरांचे फोटो तेथे नेऊन ठेवले. १९९९ साली याहू कंपनीने ही वसाहत साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला घेतली. लोकांनी फुकट घरे बांधली आणि मालकाने गाव विकले! पुढे नफ्याचे गणित जमेना, तेव्हा २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतली ती वसाहत बंद करण्यात आली. 'अर्काइव्ह टीम' नावाच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढ्या पानांच्या नकला उतरवल्या. जे हाती लागले नाही, ते गेले.

आम्हांला ह्याचा अनुभव घरबसल्या आला. आमचे पहिल्या वर्षाचे भाग एका मोठ्या कंपनीच्या फुकट जागेवर होते. एका सकाळी पाहतो तो खाते बंद. नियमभंग झाला म्हणे. कोणता नियम, कोणत्या भागात, काही सांगितले नाही. अर्ज केला, दोन मिनिटांत उत्तर आले, म्हणजे ते माणसाने वाचलेलेच नव्हते. फिटरने प्रत्येक भागाची प्रत आपल्या घरी ठेवलेली होती म्हणून आम्ही वाचलो. परंतु आम्हां संघटनेच्या माणसांना जी गोष्ट खुपली ती निराळी. एखाद्या कायम कामगाराला बडतर्फ करायचे झाले तर मालकाला आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी बसवावी लागते, कामगाराला बचावाची संधी द्यावी लागते. हे हक्क मिळवायला कामगारांच्या दोन पिढ्या खपल्या. आणि येथे, जेथे आपला आवाज ठेवलेला आहे, तेथून आपल्याला काढताना आरोपपत्रसुद्धा नाही. जो भाडे घेत नाही त्याच्याकडे पावती नसते, आणि पावती नाही तर भांडायचे कशाच्या जोरावर?

ह्यावर उपाय लोकांनी शोधले आहेत आणि ते नवेही नाहीत. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९८७ साली एका ॲपल टू-ई ह्या घरगुती संगणकावर हौशी लोकांचा सूचनाफलक म्हणून 'एसडीएफ' सुरू झाले. आज ती ना-नफा संस्था आहे. सभासदांच्या लहान वर्गणीवर आणि देणग्यांवर ती चालते. पुष्कळ वर्षे तिची आजीव वर्गणी ३६ डॉलर राहिली आहे. तिथल्या यंत्रांवर सभासदांना खाते मिळते, पान मांडायला जागा मिळते, आणि तेथे एक हौशी ध्वनिक्षेपणही चालते. जिओसिटीज पंधरा वर्षांत आटोपली; तिच्याआधी सात वर्षे जन्मलेले एसडीएफ अजून चालू आहे. दुसरे उदाहरण आमच्या अधिक जिव्हाळ्याचे, कारण तिने नावच कामगारदिनाचे घेतले आहे. 'मे फर्स्ट' ही संस्था २००५ साली न्यूयॉर्कमध्ये दोन गट एकत्र येऊन झाली. चळवळीतल्या संस्था आणि व्यक्ती तिचे सभासद होतात, वर्गणी देतात, कार्यकारिणी निवडतात, आणि सर्व्हर सर्वांच्या सामायिक मालकीचे असतात. म्हणजे आपल्याकडच्या सहकारी गृहरचना संस्थेचाच प्रकार. एप्रिल २०१२ मध्ये एका धमकीप्रकरणाच्या तपासात अमेरिकेच्या केंद्रीय पोलिसांनी ह्या संस्थेच्या आणि 'राइझअप' ह्या दुसऱ्या संस्थेच्या सामायिक जागेतून एक सर्व्हर उचलून नेला. तेव्हा सामायिक घराला पोलीस येत नाहीत असे नाही. पण निदान आलेले कळतात, आणि त्यावर जाहीर बोलायला सभासद असतात.

आमची चाळ ह्याहून फारच लहान. एका सर्व्हरवर सात बिऱ्हाडे. आमचा कार्यक्रम, एक वाचनालय, पक्षी पाहणाऱ्यांचे मंडळ, बुद्धिबळवाले, सायकलवाले, आणि दोन शिक्षकांची स्वतःची पाने. प्रत्येकी महिना शंभर रुपये. सर्व्हरचे भाडे, नावाचे भाडे आणि प्रती ठेवण्याच्या डिस्कची तरतूद, एवढे वजा जाता वर्षाला थोडी शिल्लक राहते. हिशेब दर तिमाहीला भिंतीवर लागतो. संगणकवाल्या तरुणांना हे प्रथम हास्यास्पद वाटले. सातशे रुपयांचा कसला ताळेबंद, असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, सातशेचा ठेवता आला नाही तर सात हजारांचा ठेवता येणार नाही.

सामायिक जागेची दुखणीही सामायिक असतात. सातांपैकी एका बिऱ्हाडाने आपल्या पानामागचे सॉफ्टवेअर वर्षभर अद्ययावत केले नव्हते. कोणा भामट्याने त्या फटीतून आत शिरून रातोरात हजारो फसव्या पत्रांचा पाऊस पाडला. सर्व्हरचा अंकी पत्ता सर्वांचा एकच, त्यामुळे तो पत्ता काळ्या यादीत गेला आणि बिचाऱ्या बुद्धिबळवाल्यांच्या स्पर्धेची निमंत्रणे कोणालाच पोहोचेनात. एका खोलीत ढेकूण झाले म्हणजे साऱ्या चाळीने खाजवायचे! तेव्हा सभा झाली, आवाज चढले, आणि ठराव झाला की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांची दुरुस्ती एकदम होईल आणि पाळी आळीपाळीने येईल. मोठ्या कंपनीच्या जागेत ही कटकट नसते, हे आम्हांस मान्य आहे. तेथे सभाच नसते.

आता एक प्रश्न, जो आम्हांला आमच्याच सहकाऱ्यांनी विचारला आहे, आणि तो टाळणे बरे नव्हे. तुम्ही आयुष्यभर कामाचे दाम मागितलेत. मग ह्या बिनपगारी कामाचे कौतुक कसले करता? हा प्रश्न खोटा नाही. हौशी लोकांच्या फुकट श्रमांवर मोठ्या कंपन्यांनी कोट्यवधींची कमाई केली, हे आपण जिओसिटीजच्या बाबतीत पाहिलेच. लोकांनी हौसेने लिहायचे, बोलायचे, चित्रे टाकायची आणि त्याभोवती जाहिराती लावून पैसा दुसऱ्याने करायचा, ही वेठबिगारच आहे. फक्त वेठीला धरलेल्याला ती करमणूक वाटते. परंतु गावाने मिळून विहीर उपसली तर तिला आपण वेठ म्हणत नाही, कारण पाणी गावाच्याच घागरीत येते. म्हणून आम्ही पगार आहे की नाही एवढेच विचारत नाही. विहीर कोणाची, हेही विचारतो. कार्यक्रमाचा परवाना मोकळा असावा, प्रती आपल्या हाती असाव्या, जागा सभासदांच्या मालकीची किंवा निदान पावतीची असावी, हा आमचा हट्ट एवढ्यासाठी आहे. ह्या तिन्ही गोष्टी असल्या तर रविवारी चार तास काम करणारा वायरमन कोणाचा फुकट नोकर ठरत नाही.

आणि तो रविवार तरी कोठून आला? नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले 'दीनबंधू' पत्र १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईतून चालवले. आवाज उठवायचा तर पत्र आपले पाहिजे, ही जाण त्या काळी होती. त्यांच्याच खटपटीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमचा कार्यक्रम त्या रविवारवर उभा आहे. ज्याला सुट्टी नाही त्याला छंद नाही. हौशी तंत्रकार्यक्रम चालवणारे बहुतेक पगारी, पक्क्या नोकरीचे आणि पुरुष का असतात, ह्याची चर्चा तंत्रज्ञ मंडळी फार खोलात जाऊन करतात. आम्हांला त्याचे कारण हजेरीपटावरच दिसते. आमच्याकडे एक भगिनी वर्षभर येत होत्या. शिवणयंत्राच्या मोटारीविषयी त्यांनी केलेले दोन भाग आमच्या सर्वोत्तम भागांत आम्ही धरतो. पण रविवार हा त्यांच्या घरात सर्वांच्या विश्रांतीचा आणि म्हणून त्यांच्या दुप्पट कामाचा दिवस. आम्ही मुद्रण बुधवारी संध्याकाळी ठेवून पाहिले, तेव्हा त्या आल्या. पण दुकानातले दोघे येईनात. हा पेच अजून सुटलेला नाही.

असे कार्यक्रम बंद का पडतात, हेही सांगितले पाहिजे. यंत्र बिघडल्याने क्वचितच. सगळे एका माणसाच्या हाती असते, तो थकतो, लग्न करतो, नोकरीसाठी परगावी जातो, किंवा मरतो. आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. नावाचे भाडे भरायची आठवण त्याच्याच पत्त्यावर येत राहते. मुदत टळली की ते नाव दुसरा कोणी घेऊन तेथे जुगाराची जाहिरात लावतो. म्हणून आमच्या कचेरीच्या लोखंडी कपाटात एक मोहोरबंद पाकीट आहे. त्यात सर्व परवल्या, कंपन्यांची नावे आणि मुदतीच्या तारखा आहेत. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे, आणि ते दोघे एका घरचे नसावेत असा नियम. दर सहा महिन्यांनी ज्याला यातले काही येत नाही अशा सभासदाने ते पाकीट फोडून, कागदावर लिहिल्याबरहुकूम, सारा कार्यक्रम दुसऱ्या सर्व्हरवर उभा करून दाखवायचा. पहिल्या खेपेस दोन दिवस लागले. मागच्या खेपेस शिवणयंत्राच्या त्याच भगिनींनी एका दुपारी ते केले.

सध्याची स्थिती अशी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा तासांना कामगाराची लेखी संमती लागेल, असे त्यात आहे. ती संमती कशी मिळवली जाते हे ह्या सभागृहातील कामगार बंधूंना आम्ही सांगायला नको. आमचा फिटर सध्या बारा तासांच्या पाळीवर आहे. रविवारी तो येतो, मायक्रोफोनसमोर बसतो आणि बोलता बोलता पेंगतो. मागच्या सभेत प्रश्न निघाला की कार्यक्रम पंधरवड्याऐवजी महिन्याने करावा काय. दोन मते विरुद्ध पडली, तीन बाजूने. फिटर विरुद्ध होता. तूर्त महिन्याने एक भाग निघतो, आणि पुढच्या भागात तो बॅटरीविषयी बोलणार आहे.